परकी विद्या आणि आपली जमीन

शेती असो, कारखाना असो किंवा साधे किराणामालाचे दुकान असो, धंद्यात काही नवे करावयाचे म्हटले म्हणजे त्यास लागणारी सगळी अक्कल घरच्या घरी सापडेल असे सहसा होत नाही. बियाणे बाहेरून येते, यंत्र बाहेरून येते आणि त्यांच्यामागून त्यांची विद्याही बाहेरून येते. हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु तीच परकी विद्या एकाच्या घरी लक्ष्मी आणते आणि दुसऱ्याच्या सातबारावरील बोजा वाढविते, असे का व्हावे, ह्याचा विचार व्हावा तितका होत नाही. एक पक्ष म्हणतो, विलायती ते सारे उत्तम. दुसरा म्हणतो, वाडवडिलांनी केले तेच खरे. हा वाद चावडीवर रंगावयास बरा, पण त्यापासून बागेस पाण्याचा एक थेंबही मिळत नाही. आमच्या मते प्रश्न निराळाच आहे. बाहेरची विद्या आपल्या मातीत उतरविताना तिची कसोटी कोणी घ्यावयाची, आणि ती विद्या पुरी आली की अर्धी, हे कोणी पाहावयाचे, हा खरा प्रश्न होय. त्यासाठी दोन उदाहरणे घेतो. एक नांगराचे आणि दुसरे द्राक्षाचे.

आपला जुना लाकडी नांगर वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काळ्या जमिनीत तो चालवावयास चार, सहा, प्रसंगी आठ बैलही जुंपावे लागत. तो जमीन फाडीत असे, पण उलथीत नसे. हरळी व कुंदा ह्यांची मुळे खोल गेलेली असली म्हणजे लाकडी नांगराची नांगरट त्यांना एक प्रकारे खुरपणीच होई. वरचे तुटे, खालचे पुन्हा जोमाने येई. ढेकूळ पुरते पालथे घालणारा, मुळे उन्हात उघडी पाडणारा नांगर पाहिजे होता, आणि तो परदेशात होता.

तो परदेशातही एका दिवसात झालेला नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या गृहस्थाने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते, अशी त्यांची समजूत होती. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम ह्या ओतकामाच्या कारखानदाराने १८०३ साली एक नामी युक्ती काढली. फाळ ओतताना त्याची खालची बाजू एकदम थंड करून त्याने ती अतिशय कठीण केली व वरची बाजू त्या मानाने मऊ राहू दिली. जमिनीत चालताना मऊ बाजू लवकर झिजते, कठीण बाजू टिकते आणि धार आपोआप कायम राहते. पुढे १८३७ साली इलिनॉय प्रांतात जॉन डीअर नावाच्या लोहारापुढे वेगळीच अडचण आली. तो पूर्वेकडील व्हरमाँट प्रांतातून तेथे राहावयास आलेला होता. पूर्वेकडच्या भुसभुशीत जमिनीत ठीक चालणारा ओतीव नांगर ह्या नव्या मुलखातील चिकट मातीत काही पावले गेला की मातीने लडबडून जाई आणि शेतकऱ्यास थांबून तो खरवडावा लागे. डीअरने मोडक्या करवतीच्या पोलादी पात्यापासून गुळगुळीत पंख केला. त्यावरून माती घसरून जाऊ लागली. एकाच देशात, एकाच भाषेच्या लोकांत, एका प्रांताचा नांगर दुसऱ्या प्रांतात जसाच्या तसा चालला नाही. मग तो समुद्र ओलांडून आल्यावर आपल्याकडे तसाच चालावा अशी अपेक्षा धरणे बरोबर नव्हे.

आपल्याकडे हे काम कोणी केले ते सर्वश्रुत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांस नीट ओळखू येत नाहीत असे आढळल्यावर त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाचा रस्ता धरला, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक शाळेत ते शिक्षक झाले. पुढे ती नोकरी सोडून बेळगावास बंधूंसह सायकलींचा व्यापार, त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र, आणि मग लोखंडी नांगर, असा त्यांचा प्रवास झाला. सायकली विकणारा मनुष्य नांगराकडे वळतो ही गोष्ट वरवर विचित्र वाटते. वास्तविक पाहता ह्या मनुष्यापाशी परकी यंत्रविद्या वाचून समजण्याची पात्रता आधीच आलेली होती. कागदावरचा नकाशा आणि हातातले लोखंड ह्यांचा संबंध त्यास कळत होता. ही पात्रता नसती तर परदेशी मासिके कितीही आली असती तरी ती पुडी बांधण्याच्याच उपयोगी पडली असती.

नांगर तयार झाला, पण खपेना. पहिले थोडे नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. लोखंडाने जमीन विषारी होते, हाच समज येथेही आडवा आला. न्यूबोल्डच्या गिऱ्हाइकांनी आणि आपल्या शेतकऱ्यांनी एकमेकांस पत्रे लिहून हे ठरविले नव्हते, तरी शब्द तेच! पुष्कळ लेखक ह्या प्रसंगावरून शेतकऱ्याच्या अडाणीपणाची थट्टा करतात. आम्हांस ती पसंत नाही. कारखानदाराचा एक नांगर न खपला तर तो दुकानात पडून राहतो; शेतकऱ्याचा एक हंगाम चुकला तर वर्षभराचे धान्य जाते. ज्याचे जास्त जावयाचे असते त्याने जास्त वेळ विचार करावा ह्यात वावगे काय आहे? ज्याने पहिला नांगर घेतला त्याच्या बांधापलीकडे उभे राहून शेजाऱ्याने एक पीक पाहिले, दुसरे पाहिले, हरळी गेलेली पाहिली, आणि मग त्याची शंका आपोआप मिटली. खेड्यात बाहेरची विद्या बहुधा ह्याच वाटेने येते.

१९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ व भांडवलासाठी कर्ज दिले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. ह्या स्थलांतराने कारखाना शहरापासून दूर गेला, पण गिऱ्हाइकाच्या जवळ आला. शहरातल्या कारखानदारास पलीकडच्या गल्लीत ओतकाम करणारा मिळतो, वाचनालय मिळते, परगावचा व्यापारी भेटतो. विद्या त्याच्या दारावरून येत-जात असते आणि त्याने नुसता हात पुढे करावयाचा. माळावरच्या कारखान्यास ती गाडीभाडे भरून आणावी लागते. उलट, फाळ कोणत्या जमिनीत किती दिवसांत झिजला आणि हाळीस कोठे मोडली, हे शहरात बसून जितके उशिरा कळते तितके माळावर उशिरा कळत नाही. विलायती नांगराचा फाळ मोडला म्हणजे नवा येईपर्यंत नांगर गोठ्यात टांगून ठेवावा लागे. जवळच्या कारखान्याचा फाळ आठवड्याच्या बाजारासारखा मिळू लागला. १९२० साली शंकरराव किर्लोस्कर ह्यांच्या संपादकत्वाखाली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक तेथून निघू लागले. आरंभी ते कारखान्याची व मालाची वार्ता गिऱ्हाइकांस कळविण्यासाठी होते. म्हणजे विद्या नुसती आणून भागले नाही, ती पुढे पोहोचविण्याचीही व्यवस्था करावी लागली.

नांगराची गोष्ट शंभर वर्षांची जुनी झाली. आता जिच्यात आपल्यापैकी कित्येकांचे पैसे गुंतले आहेत अशा द्राक्षबागेकडे वळू. नांगर ही डोळ्यांस दिसणारी वस्तू. ती चालते की नाही हे बांधावरून कळते. द्राक्षाची विद्या बरीचशी डोळ्यांस न दिसणारी आहे, आणि म्हणून तिच्यात धोकाही अधिक आहे.

मण्यांचा आकार वाढविण्यासाठी आपण ज्या जी. ए. च्या द्रावणात घड बुडवितो, त्याचे मूळ द्राक्षात नाही, भातात आहे. जपानमध्ये भातास एक रोग होत असे. त्याने रोप एकाएकी उंच, फिकट व लुळे होऊन पडे. १९२६ साली कुरोसावा ह्या जपानी शास्त्रज्ञाने तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या फॉर्मोसा बेटावर असे दाखविले की, ही उंची एका बुरशीच्या स्रावामुळे येते. १९३५ साली याबुता ह्यांनी त्या द्रव्यास जिबरेलिन हे नाव दिले. पुढे १९५०नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ते बिनबियांच्या द्राक्षावर वापरून पाहिले, कारण बी नसलेला मणी मुळात लहान राहतो. तेथून ते थॉमसन सीडलेस जातीच्या मागोमाग नाशिक-सांगलीस पोहोचले. भाताच्या रोगातून द्राक्षाचे औषध निघावे हे कोणाही बागायतदाराच्या कल्पनेत येणारे नव्हते. हे केवळ बाहेरच्या, आणि तेही तिसऱ्याच पिकाच्या, विद्येमुळे शक्य झाले.

परंतु कॅलिफोर्नियाचे पुस्तक येथे जसेच्या तसे लागू पडत नव्हते. त्या मुलखात हिवाळ्यात वेलाची पाने गळतात, वेल झोपतो आणि वर्षातून एकदाच छाटणी होते. आमच्या हवेत वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी घेऊन काडी तयार करावयाची, त्या काडीत उन्हाळ्यात सूक्ष्म घड धरू द्यावयाचे आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी घेऊन फळ काढावयाचे, ही दोन छाटण्यांची पद्धत येथील आहे. साहजिकच द्रावणाचे प्रमाण, दिवस, विरळणी हे सारे येथल्या बागेत पुन्हा बसवावे लागले. खुंटाचेही तसेच. खारट पाणी व दुष्काळ ह्यांनी स्वतःच्या मुळांवरच्या बागा बसू लागल्या, तेव्हा टेक्सासमधील रानद्राक्षापासून निवडलेला डॉगरिज हा खुंट आपल्याकडे पसरला. खुंट परका, पण आधी तो शेतातच लावून मग त्यावर जागच्या जागी पाचर कलम करण्याची रीत आपल्या बागायतदारांच्या हाती बसली. थॉमसनच्या बागेतच कोठे एखादी काडी वेगळे, लांब मणी देते हे पाहून ती वेगळी वाढविणारे डोळेही आपल्याकडे होते. तासगाव तालुक्यातील बोरगावची तास-ए-गणेश आणि सोलापुराजवळील नान्नजच्या नानासाहेब काळे ह्यांची सोनाका ह्या जाती अशाच निवडीतून निघाल्या. परकी जात आणि घरची नजर ह्यांचा असा मेळ पडला म्हणजे काय होते, ते आज बाजारात दिसतेच आहे.

शहराकडून आलेले एक उदाहरण येथेच सांगून टाकतो. राजीव सामंत हे अमेरिकेत शिकलेले अभियंता तेथील नोकरी सोडून नाशिकजवळ घरच्या जमिनीवर आले. नाशिकची द्राक्षे खावयाची. त्यांचे मद्य करता येईल असे कोणी फारसे म्हणत नव्हते. त्यांनी कॅलिफोर्नियातून केरी डॅमस्की ह्या मद्यनिर्मितीच्या जाणकारासच सोबत घेतले, सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां अशा जाती लावल्या आणि २००० साली 'सुला'ची पहिली बाटली काढली. मद्याविषयी आमचे मत आमच्यापाशी राहू द्या. येथे मुद्दा एवढाच की, ज्याच्याजवळ परदेशची ओळख व भांडवल आहे तो विद्येबरोबर विद्वानही आणू शकतो. तो विद्वान बागेत उभा राहून सांगतो की, येथे हे चालेल, हे चालणार नाही. तीन एकरांच्या बागायतदारास असा विद्वान परवडत नाही. त्याच्या वाट्यास विद्येचा कागद येतो किंवा बाटली येते. विद्वानाची ही उणीव एकट्याने भरून निघत नाही. १९६०च्या सुमारास स्थापन झालेला द्राक्ष बागायतदार संघ, त्याचे 'द्राक्षवृत्त', त्याच्या वार्षिक परिषदा, आणि १९९७ सालापासून पुण्याजवळ मांजरी येथे चाललेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, ह्यांचे खरे महत्त्व आम्हांस ह्यातच दिसते.

निर्यातीचा इतिहासही हेच सांगतो. १९९१ साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' ही भागीदारी उभी केली. युरोपास समुद्रमार्गे माल पोहोचावयास सुमारे तीन आठवडे लागतात. तोडलेला घड काही तासांत थंड केला नाही तर देठ वाळतो आणि मणी गळतात. शीतकरणाची ही विद्या बाहेरून आणली, खोक्यात गंधकाच्या वायूचे कागद घालावयास शिकले, आणि तरीही आरंभीच्या वर्षांत माल नाकारला जाण्याचे प्रसंग आले. हळूहळू हात बसला. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याची ओरड झाली, तेव्हा तपासणीची व्यवस्था सुरू झाली, आणि २००६ साली 'ग्रेपनेट'ची नोंदणी आली. प्रत्येक खोके कोणत्या बागेतून निघाले हे त्यावरून सांगता येऊ लागले.

आणि एवढे सगळे झाल्यावर २०१० साल आले. त्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, म्हणजे आपण ज्यास सी. सी. सी. म्हणतो त्याचा, अंश मर्यादेपेक्षा अधिक निघाला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम, असा हिशेब करून पाहिला म्हणजे ती किती बारीक होती ते कळेल. माल बंदरात अडकला, भाव कोसळले, आणि ज्यांनी सोसायटीचे व बँकेचे कर्ज काढून बागा उभ्या केल्या होत्या त्यांच्या डोक्यावर ते तसेच राहिले. हे औषध काही चोरून वापरलेले नव्हते. एप्रिलच्या छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखावी व काडीत घड चांगला धरावा म्हणून ते कित्येक वर्षे उघडपणे वापरले जात होते, आणि त्या कामास ते उपयोगीही पडत होते. फळावर ते फवारलेच नव्हते, तर फळात कसे सापडावे, असे पुष्कळांनी विचारले. उत्तर असे की, ते वेलाच्या अंगात मुरते व पुढच्या फळात उतरते. शिवाय निर्यातीपूर्वी येथे जी तपासणी होत असे तिच्या यादीत त्या औषधाचे नाव नव्हते. ते त्यानंतर घातले गेले.

येथे विद्या खोटी नव्हती, ती अर्धी होती. औषध काय करते एवढा भाग दुकानाच्या दाराने आला. ते वेलात किती दिवस राहते आणि ज्याच्या ताटात घड जावयाचा त्याच्या मुलखाचा कायदा काय आहे, हा भाग दुसऱ्याच दाराने यावयाचा होता, आणि त्या दाराशी कोणी उभे नव्हते. जो वस्तू विकतो तो तिची उपयोगी बाजू सांगतो. त्याने दुसरी बाजूही सांगावी अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. आमची सारी चाकरी महसूल खात्यात गेली. खरेदीखतात क्षेत्र कितीही मोठे लिहिलेले असो, आम्ही आधी चतुःसीमा वाचीत असू; पूर्वेस कोणाची जमीन, पश्चिमेस ओढा की रस्ता. औषधाच्या, यंत्राच्या व बियाण्याच्याही अशा चतुःसीमा असतात. कोणत्या हवेत सिद्ध झाले, कोणत्या मातीत, किती पाण्यावर, आणि माल कोणत्या बाजारासाठी, ह्या चार बाजू विचारल्यावाचून जो व्यवहार होतो तो मोजणीवाचून केलेल्या खरेदीसारखा होय.

शेतकरी बंधूंनो, हे प्रश्न प्रत्येकाने एकट्याने विचारावयाचे म्हटले तर ते विचारले जाणार नाहीत. कामाच्या धांदलीत कोणास सवड असते? म्हणून आमची आपल्या मंडळास एक सूचना आहे. मांजरीच्या केंद्राकडून द्राक्षावरील शिफारशीच्या औषधांची यादी निघते. तीत प्रमाण, फवारणी व काढणी ह्यांमध्ये ठेवावयाचे दिवस आणि अंशाची मर्यादा दिलेली असते. ती यादी ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी मंडळाच्या कचेरीत मोठ्या अक्षरांत लावावी आणि बदल झाला की त्याच दिवशी बदलावी. शेजारी एक वही ठेवावी. तीत सभासदाने औषधाचे नाव, बाटलीवरील घटक, छाटणीची तारीख, फवारणीची तारीख व ते सुचविणाऱ्याचे नाव लिहावे. शेवटचा रकाना लिहावयास काही जण कचरतील, पण आमचा आग्रह त्याच रकान्याबद्दल आहे. यादीत नसलेले नवे औषध कोणी घेऊन आला, तर ते पहिल्या वर्षी एका सभासदाच्या दोन ओळींवर वापरावे, ह्या ओळींची द्राक्षे वेगळी तोडून प्रयोगशाळेत पाठवावीत आणि तिचे शुल्क मंडळाने सोसावे. वही ठेवण्यास एक नेमका माणूस लागेल. तालुक्यास निवृत्त कारकुनांची वाण नाही.